कोळसा बदलायचा कोणी?

नारळाच्या करवंटीपासून पाणी शुद्ध करणारा कोळसा होतो, हे कोकणात आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञान प्रदर्शनांत करवंटी, काजूचे टरफल नाहीतर आंब्याचा बाठा भाजून केलेली काळी पूड हमखास दिसते. मिथिलीन ब्लूच्या गडद निळ्या पाण्यात ती टाकायची, ढवळायचे, गाळायचे. खाली येते ते पाणी नितळ. बघणारा थक्क होतो, आणि व्हावे असेच ते आहे. अशा प्रयोगांवरचे शोधनिबंध देशभरातून शेकड्यांनी निघाले आहेत. पण त्यामुळे कोकणातली एखादी खाडी किंवा एखाद्या वाडीची विहीर सुधारली, असे अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.

मी या कल्पनेच्या पूर्ण बाजूने आहे. मात्र तिची भलामण करताना ‘कचऱ्यातून सोने’ छापाची जी भाषा वापरली जाते, तिच्यामुळे मुद्द्याची गोष्ट नजरेआड होते. सक्रिय कोळसा, म्हणजे बाजारात ज्याला ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणतात तो, एकदा बसवून विसरून जायची वस्तू नाही. पाण्यातली घाण तो आपल्या अंगावर धरून ठेवतो आणि धरायला जागा उरली नाही की त्याचे काम संपते. त्यानंतर त्यातून जाणारे पाणी जसे आत जाते तसेच बाहेर येते. कधी कधी आधी धरलेलेही सुटू लागते. आपल्या सार्वजनिक पाणी योजनांत टाकीला, पाइपाला आणि फिल्टरला पैसे मिळतात, दुसऱ्या वर्षीच्या कोळशाला मिळत नाहीत. शाळांच्या व्हरांड्यात आणि ग्रामपंचायतींच्या मागच्या अंगाला जे फिल्टर धूळ खात उभे असतात, त्यांतले कितीतरी केवळ आतला माल कोणी बदलला नाही म्हणून निकामी झालेले असतात. करवंटी दर वर्षी येते आणि कोळसाही दर वर्षी लागतो. हा मेळ कोकणात बसू शकतो, म्हणून मला ही कल्पना महत्त्वाची वाटते. तो बसायचा असेल तर कोळसा कसा करायचा यापेक्षा तो दर वर्षी बदलायचा कोणी, कोणाच्या पैशाने, आणि वापरलेला न्यायचा कुठे, यांची उत्तरे आधी द्यावी लागतील.

करवंटीत एवढे काय आहे? ती दाट असते, टणक असते आणि तिच्यात राखेचे प्रमाण फार कमी असते. हवा जवळजवळ बंद ठेवून ती ४०० ते ६०० अंश सेल्सिअसला भाजली की ओल, डांबर आणि वायू निघून जातात व वजनाच्या साधारण ३० टक्के कोळसा उरतो. हा कोळसा शेगडीत चांगला जळेल, पाण्यासाठी मात्र अजून फारसा कामाचा नसतो. पुढे त्याला ८०० ते १००० अंशांवर वाफ द्यावी लागते. वाफेमुळे थोडा कार्बन वायुरूपाने निघून जातो आणि राहिलेल्या कोळशात असंख्य बारीक छिद्रे पडतात. करवंटीच्या कोळशातली बहुतेक छिद्रे २ नॅनोमीटरपेक्षाही लहान असतात. या छिद्रांच्या आतल्या भिंतींची मोजदाद केली तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. आपल्या हिशेबात सुमारे दहा गुंठे. फिनॉल, विद्रावके (सॉल्व्हंट), रंग, कितीतरी कीडनाशके आणि पाण्याला वास आणणारे इतर सेंद्रिय पदार्थ या भिंतींना चिकटतात.

सगळेच चिकटत नाही, हे तितक्याच ठामपणे सांगायला हवे. मीठ चिकटत नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरींत मे महिन्यात खारेपण चढते, त्यावर सक्रिय कोळशाचा काडीचा उपयोग नाही. पाण्याचा जडपणा जात नाही, नायट्रेट जात नाही. जंतू मरत नाहीत. उलट कोळशाच्या थरात ते सुखाने वाढू शकतात. यात भर म्हणजे कोळसा क्लोरीन खाऊन टाकतो. जलसुरक्षकाने सकाळी विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची, पावडर टाकली आणि पुढे वाटेत कोळशाचा फिल्टर असला, तर नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते दाखवणारी चाचणी, पिवळी येणारच नाही. म्हणून आधी कोळसा आणि मग क्लोरीन, हा क्रम कधीही मोडता कामा नये. एवढी साधी गोष्ट माहीत नसताना बसवलेला फिल्टर गावाला आहे त्यापेक्षा जास्त आजारी पाडू शकतो.

आता माल किती मिळेल ते पाहू. इथे उत्साहाला लगाम घालावा लागतो. कोकणातला नारळ बहुतांशी अख्खा विकला जातो. शहाळे म्हणून किंवा सोललेला नारळ म्हणून तो करवंटीसकट मुंबई, पुणे आणि घाटावर जातो. केरळ-तमिळनाडूत खोबऱ्याचा आणि तेलाचा मोठा धंदा आहे. तमिळनाडूतल्या कांगेयमसारख्या गावात खोबरे वाळते, त्यामुळे करवंटीचा ढीग एका जागी पडतो आणि त्याच्या आसऱ्याने कोळशाच्या भट्ट्या उभ्या राहतात. आपल्याकडे जी करवंटी मागे राहते ती वाडीवाडीत विखुरलेली असते आणि पुष्कळशी न्हाणीतल्या बंबाखाली जाते. ती तिथून काढून घ्यायची का? अजिबात नाही. घरातली करवंटी किलोमागे चार पैसे देऊन नेली, तर त्या घरातली बाई बंबाला लाकडे आणायला रानात जाणार. तिच्या डोक्यावरचा भारा वाढवून शुद्ध केलेले पाणी मला नको आहे.

मग करवंटी जमा करायची ती जिथे ती सरळ कचऱ्यात जाते तिथून: देवस्थाने, खानावळी, हॉटेले, तेलाचे घाणे, नारळ फोडून खोबरे विकणारे. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी रोज किती नारळ फुटतात ते तिथे गेलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. आणि मुंबई-ठाणे हाही याच किनाऱ्याचा भाग आहे. कोकणच्या आगरातून गेलेली करवंटी तिथल्या देवळांच्या आणि बाजारांच्या कचऱ्यात पडून असते. गोळा करणे अशक्य असते असे नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर क्लोरीन वायू सोडला गेला आणि त्यानंतर मुखवट्यांत भरण्यासाठी चांगल्या कोळशाची निकड निर्माण झाली. नारळाची करवंटी सर्वांत सरस ठरली, पण ती पुरेना. तेव्हा १९१८ साली अमेरिकेत घरोघरच्या लोकांना पीचसारख्या फळांच्या बिया आणि अक्रोडाची कवचे जमा करून द्यायला सांगण्यात आले, आणि लोकांनी ती दिली. जमा केलेल्या मालाला पलीकडे ठरलेला गिऱ्हाईक उभा होता, म्हणून ते जमले. आपल्याकडे गोळा करायची मोहीम आधी निघते, गिऱ्हाईक शोधायचे मागाहून ठरते आणि पोती पावसात कुजतात.

काजूचे गणित नारळाच्या उलट आहे. काजू बीच्या वजनात साधारण ७० टक्के टरफल असते आणि ते कारखान्यातच राहते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतले कारखाने स्थानिक बी संपली की आफ्रिकेतून आलेली बी फोडतात, तिचेही टरफल इथेच उरते. म्हणजे एका जागी, वर्षातले बरेच महिने मिळणारा माल कोकणात कुठला असेल तर तो हा. अडचण त्यातल्या तेलाची आहे. हे तेल अंगाला लागले की कातडी भाजते. काजू कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांचे हात पाहिले की आणखी वर्णन लागत नाही. तेलासकट टरफल उघड्या पिंपात भाजले तर धूर डोळ्यांत आणि घशात जाळ करतो आणि आसपासच्या घरांना दार लावून बसावे लागते. टरफलाचे तेल आधी काढले पाहिजे. त्याला रंग, रेझिन आणि ब्रेकच्या अस्तरांसाठी चांगली मागणी असते. मग उरलेली पेंड बंद भट्टीत, निघणारा वायू त्याच भट्टीत जाळून, भाजायची. या वाटेने गेल्यास काजूचे टरफल हा कोकणाचा सर्वांत भरवशाचा कच्चा माल ठरू शकतो. त्याचा कोळसा करवंटीइतका टणक होईलच असे नाही, पण पूड करून वापरायच्या कोळशाला टणकपणा तितकासा लागतही नाही.

आंब्याच्या बाठ्याबद्दल मला कळकळ आहे, पण आशा कमी आहे. कॅनिंगचा हंगाम एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत. बाठा ओला, गराने चिकट, आणि वाळवायला ऊन मिळेपर्यंत मिरगाचा पाऊस दारात. मग तो रस्त्याकडेला किंवा पऱ्याच्या काठाला पडतो, माश्या घोंघावतात, पहिल्या पुराबरोबर वाहून जातो. कॅनिंगवाल्याने बॉयलरच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर तो वाळवला, तरच पुढचे बोलता येईल. भाताच्या तुसाचा विचार तर मी सोडूनच देईन. त्यात राख २० टक्क्यांच्या घरात, तीही बहुतेक सिलिकेची. तूस भाजून शेतात घालावे, आपल्या आंबट जांभ्या मातीला ते मानवेल.

एवढा माल धरून किती पाणी शुद्ध होईल? कागदावर हिशेब करून पाहण्यासारखा आहे, कारण त्यातूनच माझा मुख्य आक्षेप आणि मुख्य आशा, दोन्ही निघतात.

हजार वस्तीचे गाव घ्या. जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटरचा आहे, पण धुण्याभांड्याचे पाणी कोळशातून काढायची गरज नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी ८ लिटर धरू. दिवसाचे झाले ८००० लिटर. आठ तास फिल्टर चालवला तर तासाला १००० लिटर. पाणी कोळशाच्या सहवासात दहा मिनिटे तरी राहायला हवे, म्हणजे कोळशाचा थर सुमारे १६७ लिटर आकारमानाचा लागेल. दाणेदार कोळशाचे वजन लिटरला अर्धा किलोच्या आसपास असते. म्हणजे ८० ते ८५ किलो कोळसा. कोळसा भाजताना आणि नंतर वाफ देताना होणारी घट मोजली, तर एवढ्यासाठी पाऊण टनाच्या जवळपास करवंटी लागते. पाच-सहा हजार नारळ. वर्षातून एकदा थर बदलायचा धरला, तर एखाद्या बऱ्यापैकी देवस्थानाच्या करवंटीवर आसपासच्या कितीतरी गावांचे भागेल. हे साध्य आहे, आणि म्हणूनच मला ते हवे आहे.

आता दुसरा हिशेब. रासायनिक वसाहतीच्या सामाईक सांडपाणी प्रकल्पातून रोज दहा लाख लिटर पाणी निघते असे समजा. त्यातला सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचे रासायनिक ऑक्सिडीकरण करायला लागणारा ऑक्सिजन, ठरलेल्या मर्यादेपेक्षा लिटरमागे १०० मिलिग्रॅमने जास्त आहे आणि तेवढा कोळशाने खाली आणायचा आहे. दिवसाला १०० किलो सीओडी झाला. चांगल्यात चांगली स्थिती धरून एक किलो कोळसा अर्धा किलो सीओडी धरतो असे मानले, तरी रोज २०० किलो कोळसा लागेल. म्हणजे रोज दीड-दोन टन करवंटी, रोज बारा ते पंधरा हजार नारळ. आणि हे एवढ्याशा जास्तीच्या ओझ्यासाठी. प्रत्यक्षातले सांडपाणी याहून कितीतरी दाट असू शकते. साऱ्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या हॉटेलांची आणि देवळांची करवंटी एका वसाहतीच्या तोंडात घातली तरी पुरणार नाही.

हा हिशेब मी मुद्दाम मांडतो आहे. रसायनी, रोहा-धाटाव, महाड, लोटे-परशुराम, तारापूर या वसाहतींचे सांडपाणी पाताळगंगा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी या नद्यांत आणि खाड्यांत जात आले आहे. दाभोळ खाडीत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो. पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात लोट्याचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला गेला. तारापूरचे प्रकरण अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेले. मासेमारी करणाऱ्या माणसांना आपली खाडी वाचवायला न्यायालयाची पायरी चढावी लागली. अशा ठिकाणी कोणी ‘शेतकऱ्याच्या करवंटीतून खाडी स्वच्छ’ अशी योजना घेऊन आला, तर तिच्याकडे मी संशयानेच पाहीन. खाडी बिघडवली कोणी आणि ती नीट करायला करवंटी, श्रम आणि अनुदान कोणाचे? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले आहे. ते तत्त्व बचत गटाच्या महिलांनी भाजलेल्या कोळशाखाली गाडले जाऊ नये.

कारखान्यांनी कोळसा वापरूच नये असे मी म्हणत नाही. उलट जिथे तो खरा प्रभावी ठरतो, तिथेच त्यांनी तो वापरावा: कारखान्याच्या आत, एखाद्या ठरावीक प्रक्रियेतून निघणाऱ्या थोड्या पण विषारी पाण्यावर, ते बाकीच्या सांडपाण्यात मिसळण्याच्या आधी. सगळे एकत्र होऊन सामाईक प्रकल्पात पोचल्यावर तिथले घाण खाणारे जिवाणूही दबतात आणि कोळसाही फुकट जातो. असे वेगळे पाणी वेगळे ठेवायला नळ, टाक्या आणि शिस्त लागते. तो खर्च कारखान्याचा, कोळसाही त्याने बाजारभावाने विकत घ्यावा. मग तो कोकणातला असो किंवा कांगेयमचा.

सार्वजनिक पैशाने करायचा कोळसा मात्र पिण्याच्या पाण्यासाठी असावा. कोणत्या पाण्यासाठी, हेही ठरवावे लागेल. आपल्या जांभ्याला भेगा आणि पोकळ्या फार. वर सांडलेले खाली विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. वसाहतींच्या उतारावरच्या वाड्यांतल्या विहिरींना औषधासारखा वास येतो अशा तक्रारी होत असतात. दुसरीकडे हापूसच्या बागा आहेत. मोहोर राखायला फवारण्या होतात, झाडाच्या बुंध्याशी मोहोर आणणारे कल्टार हे रसायन घातले जाते, आणि त्याच बागेच्या खालच्या अंगाला घराची विहीर असते. त्या विहिरीत काय उतरते ते तपासल्याशिवाय कोणाला बोल लावता येणार नाही. बागायतदारही तेच पाणी पितो, तेव्हा ही तपासणी त्याच्याविरुद्ध नाही. ग्रामपंचायतीचे पाण्याचे नमुने बहुतेक जंतूंसाठी आणि काही नेहमीच्या क्षारांसाठी तपासले जातात. विद्रावके आणि कीडनाशके तपासायला वेगळी यंत्रे लागतात आणि खर्चही येतो. पण ज्या विहिरीत सेंद्रिय रसायने नाहीतच, तिच्यावर कोळशाचा फिल्टर बसवणे म्हणजे पैशाची आणि करवंटीची नासाडी. आणि ज्या विहिरीत ती आहेत, तिथे दुसरा स्रोत मिळेपर्यंत कोळसा हाच सर्वांत जवळचा उपाय आहे.

आता वापरलेल्या कोळशाकडे येतो. या विषयावरच्या भाषणांत त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. पाण्यातले विष कोळशाने नाहीसे केलेले नसते, फक्त एका जागी जमवलेले असते. कारखान्यातला असा खर्ची पडलेला कोळसा २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांच्या यादीत येतो, त्याची रवानगी तळोज्यासारख्या अधिकृत ठिकाणीच व्हायला हवी. गावच्या फिल्टरमधला कोळसा तितका घातक नसेल, पण तो शाळेमागच्या खड्ड्यात टाकला आणि वर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर धरलेले हळूहळू पुन्हा जमिनीत आणि विहिरीत जाणार. त्यापेक्षा तो परत भट्टीत नेऊन हवा तोडून ८०० अंशांच्या वर तापवला, तर अडकलेले पदार्थ जळून-उडून जातात आणि छिद्रे मोकळी होतात. मात्र उडालेला वायू पुढच्या कक्षात पूर्ण जाळावा लागतो, नाहीतर पाण्यातले हवेत गेले एवढेच. प्रत्येक फेरीत पाच ते पंधरा टक्के कोळसा कमी होतो, तेवढी नवी भर घालावी लागते.

इथे मला जे सुचते ते प्रचलित योजनेच्या उलट आहे. सगळे जण करवंटी भाजण्यापासून सुरुवात करायला सांगतात. मी म्हणतो, सुरुवात परत आलेल्या कोळशाच्या भट्टीपासून करा. कोकणात पहिल्यांदा उभा राहायला हवा तो वापरलेला कोळसा पुन्हा सक्रिय करणारा एक प्रकल्प. पहिल्या एक-दोन वर्षांचा नवा कोळसा तमिळनाडूतून विकत आणला तरी चालेल. तो तिथे चांगला होतो आणि स्वस्त पडतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण वापरलेला कोळसा कांगेयमला परत पाठवायला कोणाला परवडणार नाही आणि कोणी पाठवणारही नाही. तो जवळ घेणारा कोणी असला, तरच गावे तो बदलतील. पुन्हा तापवण्याची गोल फिरणारी भट्टी आणि भाजलेल्या करवंटीला वाफ देण्याची भट्टी मुळात एकाच जातीची. एक चालायला लागली की दर फेरीत कमी पडणारा पाच-पंधरा टक्के माल इथल्याच करवंटीतून भरता येईल, आणि मागणी वाढेल तसे भाजणारे वाढतील. ९०० अंशांची भट्टी प्रत्येक तालुक्यात परवडायची नाही. ती दोन-तीन जिल्ह्यांत मिळून एक. प्राथमिक भाजणी मात्र काजू कारखान्यांजवळ, देवस्थानांजवळ, तालुक्या-तालुक्यात होऊ शकते.

भाजणीबद्दल एक अट मी कधीही सोडणार नाही. खड्ड्यात किंवा उघड्या पिंपात करवंटी भाजण्याची पद्धत स्वस्त आहे आणि धुराने माणसे मारणारी आहे. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, डांबर असते, मिथेन असतो. शासनाने अनुदान द्यायचे तर फक्त वायू आतच जाळणाऱ्या बंद भट्टीला द्यावे. हे काम बहुधा बचत गटांच्या महिलांकडे येईल. वेंगुर्ल्यात महिलांनी काथ्याची सहकारी संस्था उभी करून दाखवली आहे, म्हणजे नारळाच्या सोडणापासून (वरच्या सालीपासून) माल करून विकण्याचे कसब आणि हिशेब इथल्या बायकांकडे आहे. त्यांना धुरात बसवून पर्यावरणाचे पुरस्कार घेऊ नयेत.

दर्जाचे काय? भारतीय मानक ब्यूरोचे दाणेदार सक्रिय कोळशासाठी आयएस २७५२ हे मानक आहे. कोळसा किती कामाचा, याचा पहिला अंदाज आयोडीन नंबरवरून येतो, म्हणजे एक ग्रॅम कोळसा किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो त्यावरून. करवंटीचा चांगला कोळसा ९०० ते ११०० च्या दरम्यान असतो. ही चाचणी आयोडीन, हायपो आणि स्टार्च यांच्या टायट्रेशनची (थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजण्याची), बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्या मुलांच्या हातची. कोकणात महाविद्यालये कमी नाहीत. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, भाट्याला नारळ संशोधन केंद्र आणि वेंगुर्ल्याला काजूच्या जाती देणारे फळ संशोधन केंद्र आहे. निळे पाणी नितळ करून दाखवणाऱ्या आणखी एका प्रबंधाऐवजी या संस्थांनी खऱ्या विहिरीच्या पाण्यावर कोळशाचा स्तंभ महिनोन्‌महिने चालवून तो कितव्या दिवशी हार मानतो हे मोजावे. चंचुपात्रातल्या एकट्या रंगाशी झुंजणारा कोळसा आणि पालापाचोळ्याच्या अर्कापासून कीडनाशकापर्यंत दहा पदार्थांशी एकाच वेळी झुंजणारा कोळसा यांच्या आयुष्यात फार अंतर असते. बदलण्याची तारीख त्या मोजणीतूनच ठरेल, आणि खर्चाचा अंदाजही.

पैसा नाही असे म्हणता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ पासूनच्या पाच वर्षांत ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. पैसा होता, मात्र देखभालीपेक्षा बांधकामाकडे वळणारी आपली सवय जुनी आहे. पाणीपट्टीतून कोळसा बदला असे सांगणे सोपे असते, पण ज्या वाडीतली निम्मी घरे गणपती-शिमग्यापुरती उघडतात तिथे पाणीपट्टीतून किती जमणार? आणि ज्या विहिरी वसाहतीमुळे बिघडल्या असे तपासणीत सिद्ध होईल, त्यांच्या कोळशाचा दर वर्षीचा खर्च त्या वसाहतीकडूनच वसूल व्हायला हवा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे, जलप्रदूषणाचा कायदा १९७४ पासून आहे. अशी वसुली करायला नवे खाते काढायची गरज नाही.

माझी मागणी नेमकी आहे. येत्या मे महिन्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना, आणि पुन्हा पाऊस ओसरल्यावर, वसाहतींच्या उतारावरच्या आणि मोठ्या आंबा बागांखालच्या विहिरींचे नमुने सेंद्रिय रसायनांसाठी तपासावेत आणि निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावेत. जिथे गरज सिद्ध होईल तिथेच फिल्टर बसावा. त्याची निविदा फिल्टरच्या किमतीवर न काढता पाच वर्षे शुद्ध पाणी देण्याच्या दरावर काढावी: त्यात कोळसा बदलणे, दर खेपेचा आयोडीन नंबर, नळावरच्या पाण्याची तपासणी आणि जुना कोळसा उचलून नेणे हे सगळे धरलेले असावे. ठेकेदाराला पैसे वर्षावर्षाने द्यावेत, आणि प्रत्येक वर्षाचा शेवटचा हप्ता त्या वर्षीचा जुना कोळसा भट्टीत पोचल्याची पावती ग्रामपंचायतीत जमा झाल्यावरच सोडावा.